पांढऱ्या गळ्याची चिमणी

चूक कबूल करण्यास वय आड येते. प्राध्यापकाचा पेशा त्याहूनही अधिक आड येतो. गेल्या ऑक्टोबरात बॉस्टननजीक धाकट्या बंधूंकडे राहिलो असता आम्हांस ह्याचा प्रत्यय आला.

घरामागच्या झाडीत गळलेल्या पानांची सारखी खसखस चाले. पाहतो तो चिमणीहून किंचित थोराड पक्षी दोन्ही पायांनी एकदम मागे उडी घेऊन पाचोळा उधळीत आणि खालचे बी-किडे टिपीत. शुभ्र गळा, डोळा व चोच ह्यांच्यामध्ये पिवळा डाग. कॅनडाच्या अरण्यांत बहुधा जमिनीवरच घरटे करणारी आणि हिवाळ्यापूर्वी दक्षिणेकडे उतरणारी पांढऱ्या गळ्याची चिमणी ती हीच. आपल्या घरचिमणीशी तिचे साम्य नावापुरतेच.

"काका, काहींच्या डोक्यावर पांढरे पट्टे आणि काहींच्या मातकट, असे का?" पुतणीने विचारले.

"पांढरा तो नर, मातकट ती मादी!" आम्ही वर्गात सांगावे तसे सांगून टाकले. तिने ते वहीत उतरून घेतले.

रात्री पुस्तक उघडले आणि खजील झालो. दोन्ही रंग नरांतही असतात व मादींतही. थॉर्नीक्रॉफ्ट ह्या संशोधकाने 1966 साली दाखविले की, ह्या भेदाचे मूळ एका गुणसूत्राच्या रचनेत आहे. पांढऱ्या पट्टेवाल्यांत त्याचा मोठा भाग उलटा बसलेला असतो. पांढरे अधिक भांडतात, अधिक गातात; मातकट नर पिलांना भरविण्यात अधिक झिजतात. आणि नवल हे की, जवळजवळ प्रत्येक जोडप्यात एक पांढरा व एक मातकट असतो. एकाच रंगाची जोडी विरळा.

सकाळी आम्ही पुतणीस सारे सांगितले.

"म्हणजे काका, तुम्ही चुकलात?"

"हो, चुकलो."

तिने शांतपणे ओळ खोडली व नवी लिहिली. आम्ही मात्र अस्वस्थ राहिलो. तीस वर्षे वर्गात उभे राहून जो मोठ्याने बोलला त्यास आम्ही हुशार म्हटले. मागच्या बाकावरचा अबोल मुलगा सामान्य, असे एका दृष्टिक्षेपात ठरविले. तेथे कोणी वही पुढे करून विचारले नाही, आणि आम्हीही रात्री पुस्तक उघडले नाही. चिमणीविषयीची ओळ खोडता आली. त्या मुलांविषयीच्या ओळी आता कोठे शोधाव्या?