मांडव्याची बिनतळाची होडी

दोस्तांनो, होडीला तळच नसेल तर काय होईल? बुडेल, दुसरं काय, असंच तुम्ही म्हणाल. पण मांडव्याच्या किनाऱ्यावर मी एक अशी होडी पाहिली, जिला बसायच्या जागी तळ नव्हता. होती फक्त एक जाळी! माणसं त्या जाळीवर बसतात, खालून लाटेचं पाणी वर उडतं आणि जाळीतून परत खाली गळून जातं. होडी मात्र बुडत नाही.

त्याचं असं झालं. दिवाळीच्या सुट्टीत सातवीतली भाची आणि पाचवीतला भाचा यांना घेऊन मी गेट वे ऑफ इंडियाला पोचलो. मुंबईहून मांडव्याला रस्त्याने जायचं तर खाडीला मोठा वळसा घालून जवळजवळ शंभर किलोमीटर पडतात. समुद्रातून मात्र तासाभरात मांडव्याचा धक्का येतो. तिकिटाच्या रांगेत लोक विचारत होते, "पुढची कॅटमरान कितीची?" म्हणजे आमची ती मोठी लाँच कॅटमरान आणि आम्ही जी छोटी शिडाची होडी बघायला निघालो होतो तीही कॅटमरानच!

"मामा, हा शब्द इंग्रजी ना?" भाच्याने विचारलं.

तुम्हालाही तसंच वाटलं असेल. पण हा शब्द मूळचा तमिळ आहे बरं का. 'कट्टु' म्हणजे बांधणं आणि 'मरम' म्हणजे झाड किंवा लाकूड. कट्टुमरम म्हणजे बांधलेली लाकडं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार लाकडाचे ओंडके दोरीने एकमेकांना बांधत आणि त्यावरून समुद्रात जात. विल्यम डॅम्पियर नावाच्या इंग्रज खलाशाने ते पाहिलं आणि १६९७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांच्याबद्दल लिहिलं. पुढे तेच नाव पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या दोन अंगांच्या नौकांना चिकटलं. दोन लांब होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि मध्ये आडव्या दांड्या बांधून त्या जोडायच्या. खिळा नाही की स्क्रू नाही, सगळी करामत दोरीची! याच जुन्या पद्धतीची 'होकुलेआ' ही नौका १९७६ साली हवाईहून ताहितीला गेली. सुमारे ४००० किलोमीटरचा प्रवास, आणि तोही होकायंत्राशिवाय! माऊ पियाइलुग हे वाटाडे तारे आणि लाटा पाहून दिशा ठरवत होते.

मांडव्याची होडी मात्र याच घराण्यातली धाकटी लेक. 'होबी १६' हे तिचं नाव. कॅलिफोर्नियात लाटांवर घसरायच्या फळ्या बनवणारे होबी आल्टर यांनी ती १९७० च्या सुमारास बाजारात आणली. लांबी पाच मीटरच्या थोडी वर, रुंदी अडीच मीटरच्या आत. दोन अरुंद फायबरची अंगं, त्यांच्यावर ॲल्युमिनियमच्या दांड्यांची चौकट, आणि त्या चौकटीत ताणून बसवलेली जाळी. तिला म्हणतात ट्रॅम्पोलिन. सर्कशीत ज्याच्यावर उड्या मारतात ना, तेच नाव. जाळीच का? एक तर ती हलकी. दुसरं म्हणजे वर आलेलं पाणी साचून राहत नाही.

शिडाची होडी शिकवणारे एक दादा आमची वाटच पाहत होते. लाइफ जॅकेटं चढवून मुलं तयार झाली. दादा मात्र होडीवर पालथे पडून अंगठ्याच्या नखाने जाळीची शिवण खरवडत होते. एका ठिकाणी टाका 'टच्' करून तुटला. मग दुसरा. मग तिसरा.

"आज होडी जाणार नाही," दादा म्हणाले.

मुलांचे चेहरे पडले. भाची म्हणाली, "दादा, बोटभरच तर उसवलंय. एकच फेरी मारू ना!"

दादा खाली वाळूत बसले. म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो. बोटभरच उसवलंय, संध्याकाळी शिवू. भर समुद्रात वारा चढला, होडी सुसाट निघाली, आणि शिवण टराटरा फाटत गेली. तुझ्याएवढा एक मुलगा होता. त्याचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. पाय पाण्यात ओढला जातोय आणि तो वर जाळीत अडकलेला. शीड सोडून होडी थांबवली म्हणून बरं. तरी दांडी घासून त्याच्या पायाला आठ टाके पडले. मी जाळीचे टाके घालायचा आळस केला, म्हणून ते त्याच्या पायाला पडले."

यावर कोणी काही बोललं नाही.

मग दादांनी आम्हाला शिवण दाखवली. जाळीचं कापड अजून मजबूत होतं. दोरा मात्र उन्हाने कुजला होता. ऊन नुसतं रंग उडवत नाही, धाग्याची ताकदही खातं. त्यातून समुद्राचं पाणी वाळलं की मिठाचे बारीक खडे शिवणीत राहतात आणि दोऱ्याला घासत राहतात. म्हणूनच होडी परत आली की गोड्या पाण्याने धुवायची आणि ताडपत्रीने झाकायची.

"आणि एका जागी दोरा कुजला, म्हणजे सगळीकडे कुजला," दादा म्हणाले. "एक भोक शिवून भागत नाही."

त्या दिवशी आम्ही होडीत बसलो नाही. जाळी सोडवायला मदत केली आणि घरी परतलो. ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराकडे दादांनी ती जाळी दिली. सोबत दोराही स्वतःच दिला, जाड पॉलिएस्टरचा. नायलॉन का नाही? तर नायलॉन ओला झाला की ताणतो आणि सैल पडतो. शिवाय उन्हातही तो लवकर हार खातो.

दोन आठवड्यांनी रविवारी आम्ही पुन्हा मांडव्याला गेलो. आता खरं काम होतं जाळी बसवायचं. जाळीच्या कडेत एक दोर शिवलेला असतो. तो दांडीच्या खाचेत सरकवायचा. तो अडकू लागला तेव्हा दादांनी खाचेला ओला साबण फासला. मग मधली फट. दोन्ही बाजूंना पितळी कड्यांची भोकं, आणि त्यांतून नागमोडी जाणारी लांब दोरी. थेट बुटाच्या लेससारखी! आधी सगळी दोरी सैलच ओवायची. मग एका टोकापासून एकेक वेढा ओढत दुसऱ्या टोकाला जायचं. पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा. एकदम एकाच ठिकाणी जोर लावला तर तिथलं कडं उपटून येतं.

"दादा, एकच दोरी आहे. ती मध्ये तुटली तर सगळीच सुटेल ना?" भाचीने विचारलं.

दादा खूश झाले. "शाब्बास! म्हणून तर मी दर चार भोकांनंतर गाठ मारतो. तुटली तर तेवढाच तुकडा सैल होईल, बाकीचं धरून राहील. आणि गाठ कुठली? सुरगाठ नाही हं. ओढली की सुटते ती. इथे निरगाठच हवी."

शेवटी दादांनी जाळीवर थाप मारली. ढोलकीसारखा आवाज आला. दोघं मुलं मध्ये बसली, तरी जाळी जेमतेम दबली.

दुपारी समुद्राकडून वारा सुरू झाला. भूगोलात शिकता ना, खारे वारे? तेच ते. शिडात वारा भरला आणि होडी निघाली. पायांखालून हिरवं पाणी सपासप मागे पळत होतं. एक अंग पाण्यातून किंचित वर उचललं गेलं, तसा भाचा आधी किंचाळला आणि मग हसत सुटला. पलीकडे मुंबईच्या इमारती काड्यांच्या पेटीसारख्या उभ्या दिसत होत्या.

किनाऱ्याला लागल्यावर आम्ही खाऊच्या डब्यांकडे धावलो. भाची मात्र मागेच राहिली. तिने जाळीवर थाप मारून पाहिली आणि ओरडली, "दादा, आवाज बदललाय!" खरंच, भिजून आणि ताणून नवी दोरी सैल झाली होती. पहिल्या फेरीनंतर ती पुन्हा ओढावीच लागते. या वेळी ती भाचीने ओढली आणि निरगाठही तिनेच मारली. दादांनी फक्त नखाने तपासली.

दोस्तांनो, तुमच्या घरी झोपाळा असेल, दप्तराचे पट्टे असतील, गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी असेल. आज जरा नखाने त्यांची शिवण नि गाठ खरवडून पाहा. टाका 'टच्' करून तुटलाच, तर बोटभरच आहे म्हणू नका. आईला किंवा बाबांना हाक मारा, आणि सुई-दोरा मात्र तुम्हीच आणून द्या.