नाकाला न कळणारे विष

पावसाळा ओसरला की वाराणसीच्या मणिकर्णिका घाटाच्या पायऱ्यांवर गंगेच्या गाळाचा थर उरतो. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेल्या या घाटावर चिता उघड्यावर जळतात. वारा आणि अग्नी यांची तिथे वाण नाही. परंतु ओल्या गाळात थोडे खोल गेले की ऑक्सिजन संपतो. जगभरच्या नद्या, तळी आणि किनाऱ्यांवरील अशा गाळात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू आढळतात आणि माशांच्या कल्ल्यांतून व आतड्यांतून ते बाजारापर्यंत येतात.

हा बीजाणू निरोगी प्रौढाच्या पोटात गेला तरी सहसा अपाय होत नाही. तो निर्वात अन्नात रुजला की मात्र विष तयार होते. १८९५ साली बेल्जियममधील एलझेल गावी अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले. त्यांतील तिघे दगावले. एमिल व्हॅन एर्मेन्गेम यांनी त्या मांसातूनच हा जिवाणू प्रथम वेगळा केला. सप्टेंबर १९९६ मध्ये गुजरातमधील एका निवासी शाळेतील ३४ विद्यार्थी बोट्युलिझमच्या लक्षणांनी आजारी पडले आणि किमान तिघांचा मृत्यू झाला. तिथे संशय होता शेवेवर आणि याच कुळातील क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकमवर. हे विष चेतातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश रोखते. आधी दृष्टी दुहेरी होते, पापण्या जड होतात, मग गिळणे आणि अखेर श्वास थांबतो. शुद्ध मात्र बहुधा शाबूत असते.

आता ताज्या माशाचे आधुनिक वेष्टन पाहू. त्यातील हवा काढून वायूंचे ठरावीक मिश्रण भरतात. तेलकट माशांसाठी साधारणतः ६० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ४० टक्के नायट्रोजन. कार्बन डायऑक्साइड थंड माशातील पाण्यात विरघळतो आणि दुर्गंध निर्माण करणाऱ्या जिवाणूंची वाढ मंदावते. मासा अधिक दिवस टिकतो. पेच इथेच आहे. कुजण्याचा वास ही निसर्गाने दिलेली पूर्वसूचना आहे आणि या वेष्टनात नेमकी तीच लांबणीवर पडते. थंडीत वाढणारा बोट्युलिनमचा गट प्रथिने कुजवीत नाही, त्यामुळे त्याचा स्वतःचा उग्र वासही येत नाही. तापमान चढले तर मासा चांगला दिसत असतानाच विषारी झालेला असू शकतो.

हा गट सुमारे ३ अंश सेल्सिअसपर्यंतच्या थंडीत वाढू शकतो. घरातील फ्रीज बहुधा त्याहून उबदार असतो. भर उन्हातल्या दुचाकीवरील पिशवीची तर गोष्टच वेगळी. म्हणूनच ‘फ्रीजमध्ये होते’ एवढे उत्तर पुरेसे नाही. अशा वेष्टनात माशाचे रक्षण वायू एकटा करीत नाही. बंदरापासून ताटापर्यंत अखंड टिकलेली थंडी, मीठ किंवा आम्लता यांपैकी काहीतरी त्याच्या जोडीला असावेच लागते.

विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गोठवलेला निर्वात पाकिटातील मासा वितळवण्यापूर्वी पाकीट फोडावे, म्हणजे आत हवा शिरते. आणि हे विष उष्णतेने नष्ट होते: अन्नाच्या गाभ्यापर्यंत ८५ अंशांची उष्णता ५ मिनिटे पोहोचली तर ते निष्प्रभ होते. मात्र शंका असलेला मासा उकळून ‘वाचवू’ नये. तो टाकून द्यावा. पाकिटावरील तारीख ठरावीक तापमान गृहीत धरून छापलेली असते. ते तापमान पाळले गेले की नाही, हे ना तारीख सांगते, ना नाक.