मंगरूळपीर ते सेरेंगेटी: मोटारीनें कीं विमानानें?

आमच्या मंगरूळपिरास आगगाडी नाहीं. शेजारच्या कारंज्याला शकुंतला नांवाची चिमुकली गाडी मूर्तिजापूर-यवतमाळच्या वाटेवर थांबत असे; तीहि आतां बंद पडली आहे. त्यामुळें प्रवास म्हटला कीं आम्हां मंगरूळकरांच्या डोळ्यांपुढें प्रथम रस्ता उभा राहतो. शेलूबाजारावरून समृद्धि महामार्ग गेला (त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें आणि इगतपुरीपुढील शेवटचा जून २०२५ मध्यें खुला झाला), तेव्हांपासून मुंबईस जावयाचें तर उलटें नागपूर गाठून विमान धरावें कीं सरळ मोटार हांकावी, हा वाद आमच्या ओसरीवर महिन्यांतून एकदां तरी होतो. हाच वाद विषुववृत्ताच्या पलीकडेहि आमची वाट अडवील, असें मात्र कोणास वाटलें नव्हतें.

निमित्त असें झालें. तात्यांचे वडील बंधू, म्हणजे आमचे दादाकाका, १९५६ सालीं मुंबईहून बोटीनें पूर्व आफ्रिकेस गेले. बोटीचें नांव 'कारंजा'. १९४८ सालीं बांधलेली ही बोट १९७६ पर्यंत त्या फेऱ्या करीत होती. शेजारगांवच्या नांवाची बोट म्हणून आमच्या घरीं तिचें फार कौतुक. उरणजवळहि एक कारंजा आहे आणि बोटीला समुद्रकांठचें नांवच अधिक शोभतें, हें आम्हांस ठाऊक होतें. पण काकांच्या हयातींत तें बोलून दाखविण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं. काका अरुशा गांवीं एका पेढीवर हिशेबनीस होते. टांगानिका १९६१ मध्यें स्वतंत्र झाला, १९६४ मध्यें झांजिबार त्यास मिळून टांझानिया हें राष्ट्र झालें, आणि त्याच वर्षीं काका घरीं परतले. पेढीच्या पिठाच्या लॉरीवर बसून ते अरुशाच्या पश्चिमेकडे अनेकदां गेले होते. त्या रस्त्याच्या, तेथल्या तांबड्या धुळीच्या आणि सिंहांच्या गोष्टी ओसरीवर इतक्यांदा झाल्या कीं, मुलांना त्या तोंडपाठ होत्या. त्यांतील एक गोष्ट मात्र कोणीच खरी मानली नाहीं: झेब्र्यासारखे काळेपांढरे पट्टे रंगविलेलें विमान काकांनीं पाहिलें होतें म्हणे! "तुला एकदां तो रस्ता दाखवितों," असें ते तात्यांना सांगत. तें राहूनच गेलें.

आतां आमचा पुतण्या दारेसलाम येथें नोकरीस आहे. त्यानें माघांतल्या प्रवासाचा बेत आंखून पाठविला आणि सोबत एक प्रश्न टाकला. अरुशापासून सेरेंगेटीच्या मध्यभागीं सेरोनेरा येथें जावयाचें, तें कसें? मोटारीनें सुमारें सव्वातीनशें किलोमीटर. न थांबतां गेल्यास सात-आठ तास. डांबरी रस्ता गोरोंगोरोच्या फाटकापर्यंत, पुढें सारा मुरूम. विमान म्हणावें तर बारा-तेरा माणसांचें, एका इंजिनाचें. तें तासाभरांत नेऊन सोडतें. परंतु त्यांत माणशीं पंधरा किलो सामान, तेंहि हातांतल्या पिशवीसकट आणि मऊ कापडी थैलींतच. कारण पोटांतील जागा लहान, टणक पेट्या तेथें मावत नाहींत. (सफारी हा स्वाहिली शब्द आहे, अर्थ नुसता प्रवास. अरबींतून आपल्याकडे आलेल्या 'सफर' शब्दाचा तो सख्खा भाऊ.)

घरांत दोन तट पडले. तात्यांचें वय ऐशीं. "रस्ता पाहावयाचा म्हणून तर जावयाचें, ढगांतून जावयाचें असेल तर मी येथेंच बरा," असें त्यांनीं एका वाक्यांत सांगून टाकलें. उलट पक्षीं आईच्या मणक्यांतील चकती सरकलेली. हिसके टाळा, अशी वैद्यांची सक्त ताकीद. थोरल्या बंधूंचें म्हणणें, आईला विमानानें न्यावें व तात्यांनीं हट्ट सोडावा. मुलांची सूचना, तात्यांनीं मोटारीनें जावें व आईनें विमानानें. ही सूचना ऐकून दोघांचेहि चेहरे उतरले, आणि तो विषय पुन्हां निघाला नाहीं.

मग आम्ही हिशेबास बसलों, आणि येथें एक गोष्ट ध्यानांत आली. विमानाचें भाडें डोईगणिक, मोटारीचें गाडीगणिक. नवराबायको दोघेंच जात असतील तर दोहोंतील अंतर फारसें राहत नाहीं. परंतु आमच्यासारखीं सात माणसें एका गाडींत मावलीं, तर मोटार पुष्कळ स्वस्त पडते. शिवाय सेरेंगेटींत उतरल्यावर जनावरें पाहावयास मोटार हवीच. म्हणजे विमानानें जाणारा एक तर मुक्कामाच्या ठिकाणची गाडी घेतो, नाहीं तर आपली गाडी रिकामी पुढें पाठवून दोन्ही भाडीं भरतो. ऋतूचाहि प्रश्न आहे. ऑगस्टांत गेलों असतों तर गव्यासारख्या त्या वाइल्डबीस्ट जनावरांचे कळप उत्तरेस मारा नदीवर असते. तेथवर मोटारीनें पुरा दिवस जातो, आणि मग आम्हीहि विमानाच्याच बाजूस झुकलों असतों. फेब्रुवारींत मात्र ते दक्षिणेच्या माळावर व्यालेले असतात, आणि अरुशाचा रस्ता त्या माळावरूनच जातो. विमानानें जाणें म्हणजे ज्या घरीं लग्न त्याच घरावरून उडून जाणें!

हा सारा हिशेब आम्हीं आठ दिवस मांडला आणि पुसला. शेवटीं एका सायंकाळीं आमच्या सौभाग्यवतीनें सहज विचारलें, "आई, तुम्हांला काय वाटतें?" तेव्हां आमच्या लक्षांत आलें कीं, ज्यांच्या पाठीवरून एवढें रण माजलें, त्यांना हा प्रश्न आजवर कोणीं विचारलाच नव्हता. आई तांदूळ निवडीत होती. मान वर न करतां ती म्हणाली, "पन्नास वर्षें त्या रस्त्याचें ऐकतें आहें. जातांना रस्त्यानें नेऊन दाखवा. मात्र येतांना मी त्यावरून येणार नाहीं."

निकाल लागला. परतीचें विमान ठरलें, म्हणून जातांनाहि सामान पंधरा किलोंत बसवणें आलें. गल्लींतल्या अडत्याच्या काट्यावर, जेथें एरवीं सोयाबीनचीं पोतीं तोललीं जातात, तेथें सात थैल्या मांडून झाल्या. आईची थैली साडेसतरा भरली. लाडवांचा डबा पुतण्याच्या नांवें वळता केला, तेव्हां कोठें जमलें.

अरुशाहून निघालों तें सकाळीं सात वाजतां. गाडी उंच, छत वर उचलणारी. आईला मधल्या ओळींत, चाकांच्या माथ्यापासून दूर बसविलें व पाठीशीं दोन उशा दिल्या. ही खबरदारी वाचकांनींहि घ्यावी. मागच्या ओळीचे हिसके तरुणांच्याहि हाडांना जाणवतात. मकुयुनीपाशीं वाट उजवीकडे वळली. तांबडीं वस्त्रें नेसलेले मासाई गुराखी, त्यांच्या गाईंच्या पाठीवरचीं वशिंडें पाहून तात्यांना आपल्याच शिवारांत आल्यासारखें वाटलें. पुढें म्टो वा म्बू, म्हणजे डांसांची नदी. तेथें लाल सालीचीं केळीं घेतलीं. मग भूगर्भानें भंगून केलेला तो प्रचंड कडा गाडी वळणें घेत चढली, आणि खालीं मन्यारा सरोवर पसरलें. करातू येथें रात्रीं मुक्काम. सबंध वाट एका दिवसांत काटण्याचा मोह आम्हीं टाळला होता, तेंच आईच्या पाठीला मानवलें.

दुसऱ्या दिवशीं फाटकापुढें मुरूम लागला, आणि कारवींच्या धुक्यांतून महाबळेश्वर चढावें तशी गाडी दाट धुक्याच्या रानांतून वर आली. गोरोंगोरोचें तें ज्वालामुखीचें कुंड कांठापासून सहाशें मीटर खोल असून त्याचा तळ सुमारें अडीचशें चौरस किलोमीटरांचा आहे. त्याच कांठावर, रस्त्याच्या कडेस, दगडांचा एक लहानसा मनोरा दिसला. चालकानें गाडी थांबवून सांगितलें तें असें: बर्नहार्ड ग्झिमेक हे फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक. ते आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनीं जर्मनीहून स्वतः विमान चालवीत येऊन, आकाशांतून सेरेंगेटींतील जनावरांची मोजदाद केली. १० जानेवारी १९५९ रोजीं विमान एका गिधाडास धडकलें आणि मिखाएल गेला. वय चोविसाचें. त्या कामावर उतरविलेल्या चित्रपटास पुढें ऑस्कर पारितोषिक मिळालें. १९८७ मध्यें वडील वारले, तेव्हां त्यांच्या अस्थीहि मुलापाशींच आणून ठेवण्यांत आल्या.

"आणि विमान," चालक म्हणाला, "झेब्र्यासारखें पट्टेदार होतें."

तात्या कांहींच बोलले नाहींत. खालीं उतरले, काठी टेंकीत मनोऱ्यापर्यंत गेले, आणि थंडीनें आम्ही कुडकुडूं लागलों तरी तेथेंच उभे राहिले. परत येऊन बसल्यावर आईला म्हणाले, "अगं, दादा खोटें बोलत नव्हता." थोड्या वेळानें आई उत्तरली, "पण स्वाहिलींत पक्ष्याला काय म्हणतात, विचारा तरी." विचारलें. न्डेगे. आणि विमानाला? तेंहि न्डेगेच. "आणि मला तुम्ही परवां त्यांत बसविणार!" असें म्हणून ती पदर तोंडाला लावून हसूं लागली. 'गारी' म्हणजे गाडी आणि 'दुका' म्हणजे दुकान, हे आपलेच शब्द तेथें भेटल्यानें तिची भाषेची भीति एव्हांना पार मोडली होती.

उतारावरून गाडी माळावर आली. डाव्या-उजव्या हातांस दृष्टि पोहोंचेल तेथवर कळप, आणि त्यांत आपल्या पायांवर नुकतीं उभीं राहूं पाहणारीं तांबूस वासरें. दोन-तीन आठवड्यांत अशीं लाखों जन्मतात, म्हणून तरस आणि सिंह यांना सारीं कांहीं खातां येत नाहींत. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यांत काळविटांचा कळप दिसला तरी आम्ही घरीं येऊन चार जणांना सांगतों. येथें मोजावें कोणास? मध्यें एकदां चाकांतला वारा गेला. ते अर्धा तास आई गाडीबाहेर उभी होती, आणि प्रवासांतील उत्तम भाग तोच, असें तिनें पुढें सर्वांना सांगितलें आहे. मात्र नाबी टेकडीच्या फाटकापुढचे शेवटचे दोन तास खडतर गेले. पन्हाळी पत्र्यासारख्या त्या रस्त्याला तिकडचे चालक थट्टेनें 'आफ्रिकी मालीश' म्हणतात. ही थट्टा आईला सांगण्याचें आम्हीं टाळलें. मुक्कामीं पोहोंचल्यावर ती सबंध एक दिवस उताणी पडून राहिली, आणि विमानाची तिकिटें काढून ठेवलीं होतीं म्हणून आम्हीं मनांतल्या मनांत देवाचे आभार मानले.

चार दिवसांनीं सेरोनेराच्या मातीच्या धांवपट्टीवर तें लहानसें विमान उतरलें. पट्टीवरचीं हरणें गाडीनें हुसकून लावावीं लागलीं. पुतण्या चालकासोबत मोटारीनें मागून येणार होता. आम्ही सहाजण चढलों. तात्यांना खिडकी दिली. ज्या रस्त्यानें यावयास आम्हांस दोन दिवस लागले, तो खालीं पांढऱ्या दोऱ्यासारखा दिसत होता. तात्या त्यावर बोट ठेवून "हें नाबी, हा आपला पंक्चरचा ओढा" असें काचेवरून दाखवीत होते. कुंडाचा कांठ आला तेव्हां त्यांनीं मनोरा शोधण्यासाठीं कपाळ काचेला टेंकलें. तेथून तो दिसत नाहीं. आई मात्र, चाक जमिनीवरून उठलें तेव्हांपासून अरुशास टेंकेपर्यंत, लाडवांचा रिकामा डबा मांडीवर घेऊन गाढ झोपली होती.