पीठ संपलं का?

पावणे एमआयडीसीत मी सतरा वर्षं शिफ्ट ड्यूटी करतोय. त्यातली दहा वर्षं आईशी खोटं बोललो, ते आज लिहून टाकतो.

खेडजवळच्या आमच्या गावाहून ती येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर नाचणीचं पीठ आणि कुळीथ पाठवायची. ते मी परस्पर कुणालातरी देऊन टाकायचो. फोनवर ती विचारायची, "पीठ संपलं का?" मी म्हणायचो, "कधीच."

काळी भाकरी डब्यात न्यायची मला लाज वाटे. गरिबीत खाल्लेलं अन्न पगार सुरू झाल्यावरही का खायचं? गेटबाहेर वडापाव, रात्रपाळीला चहा-बिस्किटं, घरी पांढराशुभ्र भात. पोट साफ होत नसे, म्हणून झोपताना चूर्ण आणि सकाळी पित्ताची गोळी. पोटाचा इलाज औषधाच्या दुकानात असतो, हे माझं ठाम मत होतं.

एक चमचा चूर्ण पुरेनासं झालं, दोन घेऊ लागलो, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डबीवरच्या घटकांत सोनामुखीचं नाव दाखवलं. ही वनस्पती आतड्यांना डिवचून कामाला लावते. मग त्यांनी विचारलं, "दिवसभरात चोथा असलेलं काय खाता?" मला एकही पदार्थ सांगता आला नाही.

मग मी वाचू लागलो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम चोथा सुचवते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या तक्त्यांत 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 11 ग्रॅम चोथा आहे, तर पॉलिश केलेल्या तांदळात 3 ग्रॅमही नाही. हा चोथा आपल्याला पचत नाही, म्हणूनच तो मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो. तिथे तो पाणी धरून ठेवतो आणि मळ मऊ राहतो. त्यातला काही भाग तिथले जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारी आम्लं आतड्याच्या अस्तराचं पोषण करतात. हे वाचताना मी वाटून टाकलेल्या पिशव्या आठवत राहिल्या.

नाचणीची भाकरी पुन्हा सुरू केली. पहिल्याच दिवशी उत्साहाने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि पोट फुगलं. मग अर्ध्या भाकरीपासून सुरुवात केली, पाणी वाढवलं, दर आठवड्याला थोडं थोडं पुढे गेलो. तुर्भ्याच्या मार्केटमधून पालेभाजी आणि पेरू येऊ लागले. वडापावऐवजी कुळथाची उसळ, रात्रपाळीला बाटलीत ताक घातलेली आंबील. भात सोडला नाही, फक्त त्याच्याबरोबर डाळ-भाजी वाढवली. दीड महिन्यानंतर चूर्णाची डबी उघडायची गरज उरली नाही.

प्रत्येक दुखणं भाकरीने बरं होतं, असं माझं म्हणणं नाही. शौचातून रक्त पडलं, वजन उगाच घटलं, तर डॉक्टरांकडेच जावं. पण रोजचं पोट रोजच्या ताटावर चालतं, हे मला फार उशिरा पटलं.

मागच्या आठवड्यात तिच्याआधी मीच फोन केला. म्हटलं, "आई, पीठ संपलं गं." या वेळी ते खरं होतं.