स्वभावाचें माप

अमेरिकेंत दरवर्षीं वसंताच्या दिवसांत एक विलक्षण स्वयंवर भरतें. माळ हातीं घेऊन बसलेले असतात नॅशनल फुटबॉल लीगचे ३२ संघ, आणि समोर उभे असतात विद्यापीठांच्या मैदानांवर नांव मिळवून आलेले एकवीस-बावीस वर्षांचे तरुण. ज्याच्या गळ्यांत माळ पडेल त्यानें निमूटपणें त्या घरीं जावयाचें. पसंती-नापसंती सगळी एका बाजूची. या सोहळ्याला तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. (हा फुटबॉल म्हणजे आपला पायांनीं खेळावयाचा खेळ नव्हे, लांबट चेंडू हातांत घेऊन धावण्याचा, फेकण्याचा आणि प्रतिपक्षाला भुईवर लोळविण्याचा अमेरिकन खेळ.) मागील हंगामांत जो संघ सर्वांत दुबळा ठरला त्याची निवड प्रथम, अजिंक्य ठरला त्याची सर्वांच्या शेवटीं, असा या स्वयंवराचा न्याय आहे. सात फेऱ्यांत सुमारें अडीचशे तरुणांचें भाग्य उघडतें. त्यांतल्या पहिल्या कांहीं जणांना कोट्यवधि डॉलर मिळतात. उरलेल्यांतल्या पुष्कळांचीं नांवें दोन-तीन वर्षांत कोणास आठवतही नाहींत.

मला त्या खेळांत फारशी गोडी नाहीं. परंतु माळ घालण्यापूर्वीं जी परीक्षा चालते, तिच्या हकीगती मात्र मी वर्षानुवर्षें मोठ्या कुतूहलानें वाचीत आलों आहें. १९८७ पासून ही परीक्षा इंडियानापोलिस शहरांत भरते. तीनशेंहून अधिक तरुण तेथें येतात. चाळीस यार्ड धावण्यास लागलेला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत टिपला जातो. २२५ पौंडांचा भार छातीवरून किती वेळां उचलला तें मोजतात. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजाची रुंदीसुद्धां घेतात. बैलाचे दांत पाहणाऱ्या व्यापाऱ्याची आठवण व्हावी, अशी ही काटेकोर पाहणी असते.

शरीराचे आंकडे असे हातीं आल्यावर संघचालकांची भूक वाढावी, यांत नवल नाहीं. वाऱ्याशीं पैज घेणारा हा गडी पैसा हातीं येतांच बिघडेल काय? पराभवाच्या दुसऱ्या दिवशीं सरावाला तोंड दाखवील काय? हे प्रश्न खरे आहेत. मुलीचें लग्न ठरवितांना आपल्याकडील बापालाही हेच प्रश्न पडतात, आणि तो छत्तीस गुणांची पत्रिका घेऊन जोशीबुवांकडे धांवतो. अमेरिकन संघचालक मानसशास्त्रज्ञाकडे धांवतात, इतकाच फरक.

कित्येक वर्षें त्यांचा मुख्य भरंवसा ‘वंडरलिक’ नांवाच्या परीक्षेवर होता: ५० प्रश्न आणि १२ मिनिटें. ती बुद्धीची चाचणी. तिच्यांतून स्वभाव कळण्याचा संभव नव्हता. शिवाय बुद्धीच्या बाबतींतही तिनें गंमतीच केल्या. हार्वर्डच्या पॅट मॅकिनॅली यानें १९७५ सालीं पैकींच्या पैकीं गुण मिळविले, तर त्याच्या अति हुशारीमुळेंच संघ बिचकले, असें त्यानें पुढें सांगितलें! अखेर २०२२ सालीं लीगनें ही परीक्षा बंद केली. तत्पूर्वीं, २०१३ मध्यें, हॅरॉल्ड गोल्डस्टीन या मानसशास्त्रज्ञानें सिद्ध केलेली सुमारें एका तासाची नवी चाचणी आली; तिच्यांत बुद्धीबरोबर जिद्द, शिकण्याची रीत, मनाचा कल यांचाही ठाव घेण्याचा यत्न होता. कांहीं संघ आपापल्या शेंकडों प्रश्नांच्या याद्याही पुढें करतात. तुम्हांला मांजर व्हावयास आवडेल कीं कुत्रा, असें आपणांस विचारलें गेल्याचें खेळाडूंनीं सांगितलें आहे. या प्रश्नाचें योग्य उत्तर काय, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं.

अशा प्रश्नावल्यांचा जन्म खेळांत नाहीं, युद्धांत आहे. पहिल्या महायुद्धांत तोफांच्या भडिमाराखालीं शिपायांचीं मनें ढासळूं लागलीं, तेव्हां असा दुबळा गडी आधींच हेरावा म्हणून रॉबर्ट वुडवर्थ यानें ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच उत्तर मागणाऱ्या प्रश्नांची यादी केली. ती उपयोगांत येण्यापूर्वींच युद्ध संपलें. परंतु कल्पना मागें उरली. १९४३ सालीं मिनेसोटाच्या हॅथवे व मॅकिन्ली यांनीं जी विस्तृत प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यांत उत्तर देणारा स्वतःला फारच सोज्ज्वळ भासवूं पाहतो काय, हें पकडणारे प्रश्नही पेरलेले होते. म्हणजे लबाडीची शंका या शास्त्राला बाळपणापासूनच आहे. आणि ती रास्तच होय. ज्याच्यापुढें कोट्यवधि डॉलर उभे आहेत त्या तरुणाला ‘तुम्ही नेमलेलें काम वेळेवर पुरें करितां काय?’ असें विचारल्यास तो काय सांगणार? त्यांतून आतां मुलाखतीची तालीम देणारे गुरूही मिळतात.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. जो मनुष्य दक्ष, नेटका व व्यवस्थित, तो बहुतेक सर्व धंद्यांत थोडें अधिक चांगलें काम करितो, असें बॅरिक व माउंट यांनीं १९९१ सालीं पुष्कळ अभ्यासांचा एकत्र विचार करून दाखविलें. हा संबंध खरा आहे, पण दृढ नाहीं; आणि इंडियानापोलिसच्या मैदानावर तर तो आणखीच फिका पडावा. कारण तेथवर पोंचलेला प्रत्येक तरुण पहाटे उठून, हाडें मोडून घेऊन, हजारोंना मागें टाकून आलेला असतो. आळशी आणि भित्रे केव्हांच गळून गेलेले असतात. तीनदां चाळलेल्या तांदुळांत खडे शोधावयाचे, तर चाळण फारच बारीक हवी. आणि प्रश्नावलीची चाळण तितकी बारीक नाहीं.

तरीसुद्धां, ‘यापेक्षां जुन्या जाणत्यांची नजर बरी’ असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसणार नाहीं. १९५४ सालीं पॉल मील या मानसशास्त्रज्ञानें एक लहानसें पुस्तक लिहून तज्ज्ञांची झोंप उडविली: माणसाच्या पुढील वर्तनाचें भाकीत करण्यांत साधें गणिती सूत्र हें अनुभवी तज्ज्ञाच्या अंतःप्रेरणेच्या तोडीस तोड, किंबहुना सरसच ठरतें. या ड्राफ्टचाच हिशेब मांडून केड मॅसी व रिचर्ड थेलर यांनींही दाखविलें आहे कीं, सर्वांआधीं निवडलेल्या खेळाडूंसाठीं संघ त्यांच्या योग्यतेहून जास्त किंमत मोजतात. आपल्या नजरेवर त्यांचा विश्वास फाजील असतो. जाणत्याची नजर चालण्याची ऐट पाहते, बोलण्याची ढब पाहते, आणि आपल्यासारखा जो दिसेल त्याला सद्गुणी ठरविते. कागद निदान सर्वांस एकच प्रश्न विचारतो. जाणत्यांच्या जिभेला तेवढेंही बंधन नाहीं. २०१० सालीं एका संघाच्या अधिकाऱ्यानें एका तरुणाला त्याच्या आईच्या चारित्र्याविषयीं असा कांहीं प्रश्न केला कीं, पुढें त्या अधिकाऱ्याला जाहीर क्षमा मागावी लागली.

मग माझा आक्षेप कशावर आहे? तो आहे मूळच्या प्रश्नावरच. १९९८ सालचा ड्राफ्ट पाहा. त्या वर्षीं पेटन मॅनिंग पहिला घ्यावा कीं रायन लीफ, यावर जाणत्यांत मोठा वाद होता. मॅनिंग पहिला गेला, लीफ दुसरा. लीफला मिळविण्यासाठीं सॅन डिएगोच्या संघानें पुष्कळ किंमत मोजली. आणि साऱ्या कारकीर्दींत २५ सामने खेळून तो बाजूस झाला. त्याच दिवशीं रँडी मॉस हा विजेसारखा गडी मात्र एकविसाव्या क्रमांकापर्यंत खालीं घसरला. तरुणपणींच्या उपद्व्यापांनीं त्याला दोन मोठ्या विद्यापीठांतून मुकावें लागलें होतें, आणि त्याच्या नांवापुढें ‘स्वभाव संशयास्पद’ असा शेरा पडला होता. मिनेसोटाच्या संघानें त्याला घेतलें, आणि पहिल्याच हंगामांत त्यानें चेंडू झेलून १७ टचडाउन केले; नवख्या खेळाडूचा तो विक्रम होता.

येथेंच थांबलों तर ही ‘शेरे खोटे असतात’ अशी सरळ गोष्ट होईल. पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मॉस नंतर ओकलंडच्या दुबळ्या संघांत गेला. तेथें २००६ सालीं त्याच्या हातून अवघे ३ टचडाउन झाले; तो मन लावून खेळत नाहीं, संपला, अशी हाकाटी झाली. म्हणजे जुना शेराच खरा ठरल्यासारखा झाला. पुढच्याच वर्षीं न्यू इंग्लंडच्या संघानें चौथ्या फेरींतली एक निवड देऊन त्याला स्वस्तांत उचललें. तेथें त्याला चेंडू फेकणारा टॉम ब्रेडी हाही २००० सालच्या ड्राफ्टमध्यें १९९ व्या क्रमांकावर पडून राहिलेला! त्या हंगामांत मॉसनें २३ टचडाउन केले. एका हंगामांत इतके झेलण्याचा तो विक्रम ठरला. २०१८ मध्यें तो खेळाच्या कीर्तिमंदिरांत जाऊन बसला.

आतां या मनुष्याचा स्वभाव ओकलंडचा खरा कीं न्यू इंग्लंडचा? प्रश्नावली दोन्ही वर्षीं त्याच्यापुढें ठेविली असती, तर उत्तरें बहुधा सारखींच आलीं असतीं. बदललें होतें तें भोंवतालचें माणूस: कोण चेंडू फेकतो, कोण शिकवितो, चुकल्यावर कोण काय बोलतो. ‘हा तरुण कसा आहे?’ असें संघ विचारतात. ‘आमच्याकडे आल्यावर हा कसा होईल?’ हा प्रश्न निम्मा त्यांच्याच स्वभावाविषयींचा असल्यामुळें तो ते सहसा विचारीत नाहींत. निवडीनंतर, घरांत आलेल्या मुलाला कोणत्या रीतीनें शिकवावें हें समजण्यासाठीं तीच प्रश्नावली कामीं आणली, तर तिला माझा मुळींच विरोध नाहीं. दारावरच तिचा अडसर केला जातो, तेथें मला खुपतें.

कारण दारावरची गोष्ट दारावरच राहत नाहीं. २०२३ सालीं सी. जे. स्ट्राउड या तरुणाचे एका चाचणींतले फारच कमी गुण ड्राफ्टच्या तोंडावर बाहेर फुटले. ती चाचणी स्वभावाची नव्हती, झटपट निर्णय घेण्याच्या शक्तीची होती. पण गुप्त म्हणून घेतलेला कागद बाजारांत आला आणि एकवीस वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा जाहीर लिलाव झाला. ह्यूस्टनच्या संघानें त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलें, व त्या हंगामांतील उत्कृष्ट नवखा आक्रमक खेळाडू तोच ठरला. तो तरला. ज्यांचा कागद फुटतो आणि ज्यांना पुढें कोणी संधीच देत नाहीं, त्यांचा शेरा खरा होता कीं खोटा, हें कळण्यास मार्ग उरत नाहीं.

या शेंकडों प्रश्नांत एक साधा प्रश्न कोठें असतो, कोण जाणे. पहिला ड्राफ्ट १९३६ सालीं फिलाडेल्फियांत भरला. साऱ्या राष्ट्रांतून सर्वप्रथम निवड झाली ती शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगर याची. पगाराचा सौदा जुळला नाहीं, आणि त्यानें व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळतां फोम रबर विकण्याचा धंदा पत्करला. आदल्या वर्षीं त्याला मिळालेला, पुढें हाइझमन नांवानें जगप्रसिद्ध झालेला तो जडशीळ पुतळा त्यानें आपल्या मावशीकडे ठेवावयास दिला होता. आणि ती माउली, सांगतात, दार लागूं नये म्हणून तो त्याला टेकवून ठेवीत असे.