वजाबाकीचा उन्हाळा

२०१० च्या मे महिन्यात मी शिकागोला भाच्याकडे गेलो, तेव्हा बर्फावरच्या हॉकीविषयीचे माझे ज्ञान शून्य होते. चेंडूच्या जागी रबराची चकती असते आणि ती नजरेने पकडण्याचा नाद सोडून खेळाडूंकडे पाहावे, एवढे कळायलाच दोन-तीन सामने गेले. ९ जूनच्या रात्री फिलाडेल्फियात पॅट्रिक केनने जादा वेळेत मारलेला निर्णायक गोल बहुतेकांना दिसलाच नाही. तो मात्र दोन्ही हात उंचावून मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे सुसाट निघाला होता. १९६१ नंतर प्रथमच स्टॅन्ली कप शिकागो ब्लॅकहॉक्सकडे आला. माझा अभियंता भाचा लहान मुलासारखा रडला.

विजयाची मिरवणूक होऊन आठवडाही झाला नसेल, तोच त्याने संगणकावर एक तक्ता उघडला. एका बाजूला खेळाडूंची नावे, दुसऱ्या बाजूला रकमा. म्हणाला, ‘मामा, यातले आठ-दहा जण आता जाणार.’ मला ती थट्टा वाटली. जिंकलेला संघ कोणी मोडतो का?

मग त्याने समजावून सांगितले. मालक आणि खेळाडू यांच्या वादात २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडाला आणि त्यातून वेतनमर्यादा जन्माला आली. संघाने खेळाडूंवर किती खर्च करायचा, हे मालकाच्या ऐपतीवर राहिले नाही. पहिल्या वर्षी मर्यादा ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०१०-११ साठी ती ५ कोटी ९४ लाख ठरली. उन्हाळ्यात ती एक दशांशाने ओलांडता येते, पण हंगाम सुरू होताना हिशेब आत बसलाच पाहिजे. हेतू न्याय्यच आहे: लहान शहरांच्या संघांनाही श्रीमंतांसमोर उभे राहता यावे. पण या न्यायाची एक गंमत अशी की, यशाचीच किंमत चुकवावी लागते. चांगले खेळलेल्यांचे मोल वाढते, आणि सर्वांचे वाढलेले मोल एका मर्यादेत मावत नाही. जोनाथन टेव्स आणि केन यांना नव्या करारानुसार प्रत्येकी ६३ लाख मिळायचे होते. ब्रायन कॅम्पबेलचे ७१ लाखांहून अधिक. तिघांतच एक तृतीयांश मर्यादा संपत होती. शिवाय सरत्या हंगामातल्या बक्षीस-रकमांचा चाळीस लाखांवर बोजा पुढच्या हिशेबात आला होता.

जून संपण्यापूर्वीच डस्टिन बफलिन अटलांटाला गेला. कपाच्या फेऱ्यांत त्याने अकरा गोल केले होते. मागोमाग व्हर्स्टीग टोरोंटोला आणि लॅड अटलांटाला गेला. तोवर मी भारतात परतलो होतो. पुढचे भाच्याच्या पत्रांतून कळत गेले. उपांत्य फेरीत हरलेल्या सॅन होजेने शिकागोच्या याल्मारसनला चार वर्षांसाठी १ कोटी ४० लाखांचा करार देऊ केला. तितकेच देऊन शिकागोने त्याला राखले. मग गोलरक्षक निएमीसाठी लवादाने साडेसत्तावीस लाख ठरवले, तेव्हा ते देण्याजोगी जागा उरली नव्हती. शिकागोने तेरा लाखांत मार्टी टर्कोला घेतले. ९ जूनच्या रात्री जाळ्यासमोर उभा असलेला निएमी कुठे गेला? सॅन होजेलाच.

ही पत्रे मी महाविद्यालयात, विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसून वाचत होतो, आणि माझ्यासमोरही एक तक्ता होता. मराठी घेणारे विद्यार्थी कमी झाल्यामुळे एक तुकडी बंद झाली होती. कार्यभाराची फेरमांडणी मलाच करायची होती. आधी कायम प्राध्यापकांचे तास भरायचे, उरतील ते तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला द्यायचे, हा नियम. काहीच उरत नव्हते. आमच्याकडे तीन वर्षे लोकसाहित्य शिकवणारा एक तरुण होता. त्याचा तास संपल्यावरही मुले वर्गात बसून राहत. तो आला, तेव्हा मी तक्ता त्याच्यापुढे सरकवला. त्याने बेरीज तपासावी तसा तो वाचला आणि म्हणाला, ‘बरोबर आहे, सर.’

माझे तास त्याला देता आले नसते. नियम आड येत होता, हे खरे. पण मी प्राचार्यांकडे जाऊन एकदा विचारूनही पाहिले नाही, हेही खरे. तक्ता मांडणाऱ्याला एक आयती सोय असते: निर्णय आपला असला तरी तो आकड्यांनी घेतला, असे त्याला म्हणता येते. शिकागोच्या व्यवस्थापकाला निदान वृत्तपत्रांना उत्तर द्यावे लागत होते. मला कोणी विचारले नाही.

पुढच्या वर्षी शिकागो पहिल्याच फेरीत हरले. २०१३ आणि २०१५ मध्ये मात्र पुन्हा जिंकले. राखायचे ते खेळाडू राखले होते, असेच यावर जाणकार म्हणतील. आमच्या विभागात लोकसाहित्याचा पेपर पुढे मीच शिकवला. तास संपला की मुले उठून जात.

तो तक्ता माझ्याकडे अजून आहे. त्याच्या बेरजेत चूक नाही.