शॉकअप आणि दोन फेऱ्यांचा हिशेब

आमच्या वस्तीतला एक मुलगा गॅरेजात काम शिकतो. रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्याने आम्हांला गाठले. "काका, शॉकअप बदलला की गाडी शर्यत जिंकते का हो?" अमेरिकेत मातीच्या ट्रॅकवर मोटारी पळवतात, ते त्याने पाहिले होते. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, गाडीशी आमचा संबंध एस.टी.च्या मागच्या सीटपुरता. पण पोराने विचारले तर टाळू नये, म्हणून वाचून काढले.

शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही, ते काम स्प्रिंगचे. स्प्रिंग दबते, उसळते, पुन्हा दबते. तिचे हे नाचणे शॉकअप आवरतो. त्याच्या नळीतले तेल बारीक वाटांतून जाताना अडते आणि धक्क्याची ताकद उष्णतेत विरते. दबताना किती अडवायचे आणि उलगडताना किती, ही मापे वेगळी. सगळी निवड इथे आहे. ट्रॅकची माती सुरुवातीला ओली असते, चाक धरून चालते. पुढे ती सुकून गुळगुळीत होते. तेव्हा पुढचे शॉकअप उलगडायला सैल ठेवतात. वेग देताच गाडीचे नाक उचलते, भार मागच्या चाकांवर जातो व पकड मिळते. ट्रॅक खडबडीत झाला तर उलगडायला फार घट्ट शॉकअप घातक. एका उंचवट्यावर दबलेले चाक खाली येण्याआधी दुसरा उंचवटा येतो आणि गाडी दबतच जाते.

हे वाचता वाचता आम्हांला वेंडेल स्कॉट भेटला. व्हर्जिनियातील डॅनव्हिल गावचा कृष्णवर्णीय माणूस, जन्म 1921चा. टॅक्सी चालवली, युद्धकाळात सैन्यात वाहने दुरुस्त केली. शर्यतीची गाडी जुनी घ्यायची, दुरुस्त स्वतः करायची, मदतीला घरची मुले. मोठ्या कंपनीचा पैसा पाठीशी नाही.

1 डिसेंबर 1963 रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर 200 फेऱ्यांची शर्यत होती. रिचर्ड पेटीसारख्याला मागे टाकून स्कॉट पुढे गेला. त्याच्या 200 फेऱ्या झाल्या, तरी झेंडा पडेना. तो 202 फेऱ्या धावला. विजेता म्हणून नाव पुकारले बक बेकरचे, करंडकही त्यालाच. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, अधिकाऱ्यांनी स्कॉटच जिंकल्याचे मान्य केले. म्हणे मोजणीत चूक झाली!

आमची उमर खतावण्या जुळवण्यात चालली आहे. बेरीज चुकते, हे आम्ही जाणतो. पण दोन पूर्ण फेऱ्या एकाच माणसाच्या खात्यातून गळतात आणि प्रेक्षक उठेपर्यंत सापडत नाहीत, याला आम्ही हिशेबाची चूक म्हणणार नाही. स्कॉटचे स्वतःचे म्हणणे असे, की विजेत्याचे चुंबन घ्यायला उभी असलेली गोरी सौंदर्यसम्राज्ञी आणि काळा विजेता हे चित्र त्यांना नको होते. बाबासाहेबांनी 1946 साली डॉ. डुबॉईस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या व निग्रोंच्या स्थितीतील साम्य दाखवले होते, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

स्कॉट त्यानंतरही धावत राहिला. 1966 साली वर्षभराच्या गुणांत तो सहावा आला. 1973 साली टॅलाडेगाच्या अपघातात जबर जखमी झाला आणि कारकीर्द जवळजवळ संपली. 1990 साली तो वारला. त्या शर्यतीचा करंडक त्याच्या कुटुंबाच्या हाती अधिकृतपणे पडला तो ऑगस्ट 2021 मध्ये, डेटोना येथे.